काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधला सूर

अगं, रात्री साडेअकराला तुझे निरोप आले. अकरा फोटो, अकरा डबे, प्रत्येकावर दोन-चार गोल बटणं, आणि खाली एकच ओळ : "ताई, यातलं कुठलं घेऊ? हे म्हणतायत आत्ताच मागवू, सकाळी सवलत संपते." मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. संपू दे सवलत. आता मुलं शाळेत गेलीत, चहाचा कप घेऊन बसलेय, तर सावकाश ऐक.

तू विचारलंस गाणं रेकॉर्ड करायच्या इंटरफेसबद्दल, म्हणजे त्या डब्यांबद्दल, पण मी आधी बोलणार आहे तुझ्या घराबद्दल. तू राहतेस अल सुलैला. रियाधच्या आग्नेयेचा हा सगळा भाग म्हणजे गोदामं, वर्कशॉप आणि त्यांच्यात मधेमधे उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांच्या इमारती. गेल्या महिन्यात जेवायला आले होते तेव्हा तू यमन गायलीस, आठवतं? सगळे वाहवा करत होते. मी डोळे मिटून बसले होते आणि मला काय काय ऐकू येत होतं सांगू? तुझा आवाज, फ्रीजची घरघर, डोक्यावरचा एसी, आणि खाली मागे मागे येणाऱ्या ट्रकचं ते टीं-टीं-टीं. तिथल्या कुणालाही ट्रक ऐकू आला नसेल. माणसाचा कान शहाणा असतो, नको ते गाळतो. माइकला ती अक्कल नसते.

हे मी शिकले ते पैसे घालवून. मलाझला राहत होतो तेव्हा एका दुकानदाराने मला 'पूर्ण स्टुडिओ सेट' गळ्यात मारला. मोठा चकचकीत कंडेन्सर माइक, त्याचा लांब हात, जाळी, स्पंजची टोपी, सगळं एका खोक्यात. मी हौसेने अभंग म्हटला, ऐकायला बसले, तर दुसऱ्या कडव्यात शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या. तीन. मोजता आल्या इतक्या स्वच्छ. तो हात आता मुलाच्या टेबलावर दिवा धरून उभा आहे. एवढा एकच उपयोग झाला त्याचा.

म्हणून माइकचं आधी ठरव. त्या फोटोंत तू बहुतेक कंडेन्सरवाले संचच पाठवलेस. कंडेन्सर वाईट नसतो, उलट तोच बारकावे टिपतो. पण बारकावे टिपण्यासारखी शांत खोली आधी हवी. तुझ्या घरात डायनॅमिक माइक घे. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून स्टेजवर चालत आलेला माइक आहे. आपल्या गणेशोत्सवांत गायकांच्या हातात जो जाळीचा गोळा दिसतो तो बहुतेक वेळा हाच, नाहीतर याची नक्कल. तो जवळचं ऐकतो आणि लांबच्याकडे बऱ्यापैकी दुर्लक्ष करतो. ओठांपासून चार बोटांवर धर, थोडा तिरका, म्हणजे प-फ-भचे फुत्कार थेट आत जाणार नाहीत. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागत नाही. ते बटण कंडेन्सरसाठी असतं. आणि यूट्यूबवर सगळे ज्याच्यासमोर बसून बोलतात तो काळा लांबुळका एसएम-७बी मागवायचा मोह टाळ. त्याला जवळजवळ ६० डेसिबल गेन लागतो, लहान इंटरफेस तिथवर पोचताना धापा टाकतात, मग मधे आणखी एक डबी घ्या, हे चालूच राहतं.

आता इंटरफेस. हा डबा करतो काय? माइकमधून येणारा विजेचा बारीक प्रवाह मोठा करतो, त्याचे आकडे करून यूएसबीने लॅपटॉपला देतो, आणि लॅपटॉपमधले आकडे परत आवाज करून तुझ्या हेडफोनला देतो. एवढंच. आठ इनपुटवाला डबा घेऊन तू आठपट गाणार नाहीस. दोन इनपुट मात्र हवेतच. एकात तू, दुसऱ्यात पेटी, नाहीतर तुझ्या अहोंचा तबला. एकच माइक-इनपुट असलेले स्वस्त पडतात. पण सहा महिन्यांनी दुसरा माइक लावावासा वाटतोच, आणि मग पुन्हा खरेदी. फोकसराइटचा स्कारलेट २आय२, ऑडियंटचा इव्हो ४, मोटूचा एम२, बेरिंजरचा यूएमसी२०२एचडी, यांतला जो तुझ्या पैशात बसेल आणि ज्याची वॉरंटी इथल्या दुकानाची असेल तो. आजच्या काळात या चौघांत आवाजाचा जो फरक आहे तो तुझ्या खोलीच्या घुमण्याखाली पार बुडून जाईल. हे माझं स्पष्ट मत आहे, आणि तुझ्या अहोंनी त्यावर रात्रभर तुलना पाहू नयेत.

जुना घ्यायचा विचार असेल, हराज बिन कासिमसारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा भारतात परत चाललेल्या कुणाकडून, तर घे की, लाजायचं काय त्यात. फक्त समोर लावून बघ : दोन्ही गेनची बटणं हळूहळू फिरव, खरखर येते का, फँटमचा दिवा लागतो का, यूएसबीचं तोंड हलतं का. नव्या डब्याबरोबर जी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात ती पहिल्या मालकाने आपल्या नावावर घेतलेली असतात, ती तुला मिळतील असं धरून भाव देऊ नकोस.

आणि आता वीज. यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, सौदीतली ६०. तुला वाटेल गायिकेला काय करायचंय याच्याशी? ऐक. यंत्रात विजेची जी गुणगुण शिरते तिला स्वर असतो. आपल्याकडची ५० ची गुणगुण म्हणजे अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. इथली ६० ची? काळी पाच येते ५८.२७ ला आणि पांढरी सात ६१.७४ ला. म्हणजे साठ बरोबर मधोमध, पेटीवर जो सूरच नाही तिथे. तू काळी चारमध्ये गातेस. तुझ्या षड्जावरून बघितलं तर शुद्ध रिषभ आणि कोमल गंधार यांच्या अगदी मधे कुणीतरी अखंड हं करत बसलंय. यमनात! मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा आधी हसू आलं, मग समजलं की तंबोरा लावूनही काहीतरी बोचतंय असं इतके दिवस का वाटत होतं.

बरं, ते खालचं साठ कापून टाकावं म्हटलं तर त्याची पिल्लं वर असतात, १२० ला, १८० ला. आणि १८० तर तुझ्या मंद्रातल्या पंचमाच्याही वर, थेट आवाजात. कापलंस तर आवाजच पोकळ होतो. म्हणून गुणगुण यंत्रात शिरूच द्यायची नाही. लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून बघ. निम्म्या वेळा तिथेच भूत उतरतं. उतरलं नाही तर प्लग बघ. इथले सॉकेट तीन चपट्या पिनांचे, आणि आपण पुण्याहून आणलेले गोल पिनांचे प्लग कसल्यातरी अडाप्टरमध्ये खुपसतो. त्यात अर्थिंग लागलेलंच नसतं. माइकची वायर चार्जरच्या वायरीला बिलगून नेऊ नकोस. आणि एक जपून : सौदीत पूर्वी घरांमध्ये १२७ आणि २२० असे दोन्ही दाब असायचे, २०१० पासून सगळीकडे २३० करायला घेतलं. तुमची इमारत जुनी आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावायच्या आधी त्या प्लगचा दाब इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. इंटरफेसची काळजी नको, तो यूएसबीवरच जगतो.

खोलीबद्दल आता. तुझ्या हॉलला फरशी, उघड्या भिंती, मोठी काच. टाळी वाजवलीस तर ती परत येते. तिथे गायचंच नाही. आतल्या खोलीत, जिथे गालिचा आहे आणि ते मोठं कपाट आहे, तिथे बस. सगळे लोक फोम माइकच्या मागे लावतात. हा माइक मागचं मुळातच कमी ऐकतो! तो ऐकतो समोरचं, म्हणजे तुला आणि तुझ्या पाठीमागच्या भिंतीला. तेव्हा आईची ती जाड गोधडी तुझ्या पाठीमागे टांग. कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ केलीस तरी चालेल. लोंबणाऱ्या साड्या-अबायांइतका चांगला शोषक बाजारात मिळत नाही, आणि तो तुझ्याकडे आधीच आहे.

एसी बंद करावाच लागणार. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या आसपास असताना बंद कसा करायचा? आधी तासभर खोली चांगली गार करून ठेव, दार लाव, एसी बंद, दहा मिनिटं गा. मग पुन्हा चालू. गोधडी पाठीवर, घाम कपाळावर, असं ते होतं. म्हणून मोठी कामं डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेव, तेव्हा रियाधला एसीच लागत नाही. दिवस शुक्रवारचा. गोदामं बंद असतात, सकाळी रस्ता ओस असतो. शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, आणि ती उठली की तुझ्या खिडकीखाली काय होतं ते तूच मला सांगितलंयस. नमाजाच्या वेळा फोनवर लावून ठेव. अजान सुरू झाली की थांबायचं, माइक बंद करायचा. रेकॉर्डिंग बिघडतं हे आहेच, पण शेजारधर्म म्हणूनही थांबायचं.

इतकं करून ट्रकचा खालचा घुर्र उरलाच तर तो मात्र कापता येतो. शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाक, लो-कट म्हणतात त्याला. तुझा मंद्र पंचम १५५ च्या आसपास, त्याला धक्का लागत नाही.

धूळ विसरू नकोस. आपल्या कोकणात माइकला बुरशी धरते, इथे वाळू. वसंतातल्या वावटळी सुरू झाल्या की काम झाल्या झाल्या माइक पिशवीत. आणि हवा इतकी कोरडी की गालिच्यावरून चालत जाऊन माइकला हात लावलास तर चटका बसतो. आधी दाराच्या धातूच्या मुठीला हात लाव, मग माइकला. हसू नकोस, एकदा त्या चटक्यासरशी माझा लॅपटॉप इंटरफेसला ओळखायचाच बंद झाला होता.

सॉफ्टवेअरबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण तिथेच लोक सर्वात जास्त वेळ घालवतात. तुझ्याकडे मॅक असता तर गॅरेजबँड म्हणाले असते आणि विषय संपला असता. विंडोज आहे, तर रीपर घे. उतरवून घ्यायला छोटं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं, साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. नंतर घरगुती परवाना साठ डॉलरचा, म्हणजे आपले २२५ रियाल. दिसायला मात्र सरकारी कचेरीतल्या अर्जासारखं आहे, पहिल्या दिवशी तुला रडू येईल. तोवर ऑडॅसिटी फुकट आहे, एक आवाज घ्यायला आणि कापाकापीला पुरते. पण तंबोरा, पेटी, तबला वेगवेगळ्या ओळींत ठेवून नंतर कमीजास्त करायचं म्हटलं की रीपरला पर्याय मला सापडलेला नाही. अहोंच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही टाकू नकोस. आणि कुणी ओळखीच्याने पेनड्राइव्हवर 'मोठ्या स्टुडिओतलं' सॉफ्टवेअर फुकट आणून दिलं तर तो पेनड्राइव्ह लावूही नकोस. त्यातून काय घरात येईल सांगता येत नाही, आणि चोरीच ती.

तुझा आवाज तुलाच उशिरा ऐकू येतो, ही तक्रार तू पहिल्याच दिवशी करणार आहेस. कारण सांगून ठेवते. लॅपटॉप आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे देतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. १०२४ चा बफर ४८ हजारांवर म्हणजे एकवीस मिलिसेकंद. आवाज हवेतून मीटरभर जायला तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे तबलजी तुझ्यापासून सात मीटर लांब बसवल्यासारखं झालं. आणि हे फक्त एका बाजूचं. १२८ वर आणलंस की तीनच्याही खाली येतं, पण जुना लॅपटॉप तडतडायला लागतो. साधा उपाय, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाची सोय असते, ती चालू कर. मग तुझा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात येतो.

हेडफोन बंद पाठीचा घे, नाहीतर तंबोरा कानातून गळून माइकमध्ये जातो. आणि डावा कान उघडा ठेव. आपल्या गाणाऱ्यांना दोन्ही कान झाकून सूर लागत नाही, निदान मला तरी लागला नाही. तंबोरा ॲपमधून अर्धा तास एकदाच काळी चारमध्ये रेकॉर्ड करून ठेव, रोज तोच वापर. त्याआधी पेटीशी मिळवून बघ. बाबांची पेटी ४४० ला बरोबर असेल याची खात्री नाही, तंबोऱ्याला दोन-चार सेंट इकडेतिकडे करावं लागेल. पेटीला कोण हलवणार?

गेन लावताना सगळ्यात जोरातली तान घे, तारसप्तकातली. काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. २४ बिटवर रेकॉर्ड करशील तर थोडं हळू झालं तरी नंतर वाढवता येतं. लाल दिवा लागून फाटलेला आवाज कुणाला शिवता येत नाही. दहा मिनिटांची एका आवाजाची फाइल सुमारे ८६ एमबी होते, तेव्हा लॅपटॉपवरचे लग्नाचे व्हिडिओ आधी दुसरीकडे हलव.

आणि तो सूर आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्राम, ज्याच्याबद्दल तू मोठ्या कौतुकाने विचारलंस. बाई गं, नको. त्याला मींड कळत नाही. तू पंचमावरून रिषभावर जी घसरत येतेस ती त्याला चूक वाटते, तो तिच्या पायऱ्या करून टाकतो. दरबारीतला आंदोलित गंधार त्याच्यापुढे ठेवलास तर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट करेल. चुकलीस तर पुन्हा गा. स्वस्त पडतं. ठेका असलेलं काही करणार असशील तरच सॉफ्टवेअरमधली तालाची टिकटिक लाव, दादऱ्याला सहा, रूपकाला सात; विलंबित गाताना ती टिकटिक बंद कर, ती तुला कुठे नेईल सांगता येत नाही.

एक जुनी युक्ती सांगते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसाला कळायला हवं ना की हे गाणं कुणाचं. तू प्रत्येक वेळी सुरुवातीलाच तारीख, राग आणि कितवा प्रयत्न ते बोल. नाहीतर महिन्याने 'नवीन ३', 'नवीन ३ अंतिम', 'नवीन ३ अंतिम खरंच' अशा चाळीस फायली होतात आणि चांगली कुठली ते देवालाही कळत नाही.

आणि पहिलंच रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या ख्यालाचं करू नकोस. तीन मिनिटांचं कर. जुन्या तबकडीत एवढंच मावायचं, आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर जायला निघाली. त्याच वर्षी त्या गेल्या. तीन मिनिटांत एक आलाप, बंदिश, थोडी बढत. बस्स.

तर खरेदीची यादी अशी : दोन इनपुटचा डबा, एक डायनॅमिक माइक, एक्सएलआर वायर, माइकचा स्टँड, बंद हेडफोन. अकरा फोटोंतले नऊ पुसून टाक. उरलेल्या पैशांतून डिसेंबरात आईला बोलाव, ती तंबोरा हातात घेऊन बसेल आणि ॲपही लागणार नाही.

या शुक्रवारी सकाळी करून बघ. गायच्या आधी एसी बंद करून दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर आणि ती दहा सेकंद मला पाठव. गाणं नंतर पाठव.